बिरोबाच्या माळावरची सात नंबरची मिजेट

लोक प्रवासाला निघतात ते चांगल्या कारणांसाठी. कुणाला लेणी बघायची असतात, कुणाला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असतं. मी जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे पाच वाजता भाड्याच्या पिकअपमध्ये बसून पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालो, ते एका बावीस वर्षांच्या मुलीला खोटं पाडायला.

ब्लॉगच्या जुन्या वाचकांना (चार आहेत, त्यातले दोन घरातले) माझ्या मिजेटबद्दल सगळं तोंडपाठ आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. मिजेट म्हणजे मोठ्या घंगाळाला चार चाकं लावावीत तेवढी शर्यतीची गाडी. १९३०च्या दशकात अमेरिकेत त्यांचं खूळ सुरू झालं. फुटबॉलच्या मैदानाभोवती नाहीतर गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मातीचा लंबगोल ट्रॅक करायचा आणि त्यावर या बुटक्या गाड्या गरागरा फिरवायच्या. बऱ्याच गाड्यांना इंजिन मोटरसायकलचं असे. गिअर नाहीत, स्टार्टर नाही, मागून ढकलली की चालू. महायुद्ध संपल्यावर काही वर्षं लोकांनी या शर्यतींना तुफान गर्दी केली. मग शहरं पसरली, ट्रॅकच्या जागी घरं उभी राहिली, घरात टीव्ही आला आणि बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या.

त्यातली एक मला पुण्यात जुन्या बाजारात मिळाली. माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागात गेली. यंत्रांचे सुटे भाग मी तीस वर्षं कागदावर विकत घेतले, पाना हातात धरायची वेळ कधी आली नाही. त्यामुळे मला यंत्रातलं सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. गाडीच्या शेपटीवर पांढऱ्या रंगात V काढलेला होता. मी तत्काळ ब्लॉगवर जाहीर केलं की हा V म्हणजे व्हिक्टरी, सबब गाडी युद्धानंतरची आणि अमेरिकन. आतल्या पत्र्यावर पुसट इंग्रजी अक्षरं होती, तो दुसरा पुरावा.

आणि चाकं. या चाकांपायीच पुढचं सगळं घडलं, म्हणून नीट सांगतो. स्टीलचा निमुळता पेला आडवा करून फरशीवर ढकललात तर तो सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळून गोल फिरतो. मिजेटवाले हीच युक्ती करतात. मागच्या दोन चाकांपैकी बाहेरच्या बाजूचं मोठं, आतल्या बाजूचं लहान. मग गाडी वळणावर आपसूक वळते. अमेरिकेत गाड्या डावीकडे वळत फिरतात, म्हणून मोठं चाक उजवीकडे. माझ्या गाडीचं मोठं चाक होतं डावीकडे! भंगारवाल्याने अडाणीपणाने उलटी बसवली आहेत हे मी एका नजरेत ओळखलं, गॅरेजवाल्याकडून चाकं बदलून घेतली आणि त्यावर बाणांच्या आकृत्यांसकट लांबलचक लेख लिहिला. दोन प्रतिक्रिया आल्या. एक माझीच होती.

गाडी मी कधी चालवली नाही, गॅरेजवाला अधूनमधून इंजिन तेवढं पेटवून ठेवायचा. प्रदर्शनात ती उभी असते आणि शेजारी मी उभा असतो. तेवढ्यासाठी चाकं कुठल्या बाजूला आहेत याने काही बिघडत नाही.

तर डिसेंबरात संभाजीनगरहून निलोफर नावाच्या मुलीचा मेल आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. "काका, ते V नाही. उर्दूत सात असाच लिहितात. ही गाडी माझ्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, मामूंनी बनवली आणि दादा ती चालवायचे. दादा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. ते शर्यतींबद्दल सांगतात आणि घरात सगळे हसतात, माझे वडीलसुद्धा. ज्या माळावर शर्यती व्हायच्या तिथे यंदाची शाळूची ज्वारी निघाली की प्लॉट पडणार आहेत. दादांना त्याआधी एक चक्कर मारायची आहे. फक्त एक. गाडी आणाल का?" सोबत एक जुना फोटो होता. त्यात सडपातळ पोरगा, बुटकी गाडी, शेपटीवर ۷.

मी उत्तरात समजुतीच्या सुरात लिहिलं की जगभर अशा अनेक गाड्या होत्या आणि साम्य असू शकतं. तिने एकच ओळ पाठवली, "मग येऊन बघा ना." बायको म्हणाली, "आणि तिचंच खरं निघालं तर?" मी म्हणालो, "शक्यच नाही." हे वाक्य मी या लेखात पुन्हा वापरणार नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. पुणे ते संभाजीनगर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. कारने पाच-साडेपाच तास लागतात. मागे दोरखंडांनी मिजेट बांधलेली असेल आणि दर वीस किलोमीटरला उतरून गाठी तपासणारा माणूस शेजारी बसला असेल तर नऊ. पिकअपचा चालक दत्ता शिरूरचा. त्याने गाडीची चाकं पोत्यांत गुंडाळून लाकडी ठोकळ्यांत पक्की अडकवली होती, तरी मी उतरत होतोच. "साहेब," तो सुप्याच्या अलीकडे म्हणाला, "तुम्ही मागंच बसा की तिच्यात. म्हंजे तुम्हालाबी बरं आन मलाबी."

सुप्याजवळ चहाला थांबलो. तिथला एक म्हातारा गाडीभोवती फिरून आला. "जत्रंतल्या पाळण्यातलं हाय का वो?" त्याने विचारलं. मी घसा साफ करून १९३०पासून सुरुवात करणार तोच दत्ता म्हणाला, "इमान हाय बाबा. पंख मागच्या गाडीत येत्यात." म्हाताऱ्याने मान डोलावली. माझ्या व्याख्यानापेक्षा त्याला ते जास्त पटलं असावं.

नगरच्या बायपासला अवजड गाड्यांची रांग होती. नेवासे फाट्याला मिसळ खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. मग गोदावरीचा पूल, दोन्हीकडे ऊस, आणि वाळूजचे कारखाने लागले की आलंच शहर. क्रांती चौकात सिग्नलला अडकलो. शेजारच्या रिक्षावाल्याने मिजेट पाहिली. "बच्चे का है क्या, अंकल?" मी म्हणालो, "नाही, माझंच आहे." त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रिक्षा पुढे घेतली.

स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, उशी दगडासारखी. चारच्या सुमाराला शहागंजच्या मागे निलोफरच्या गल्लीशी पोचलो. गल्ली इतकी अरुंद की पिकअप तोंडाशीच उभी करावी लागली. निलोफर आजोबांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली. यासीनचाचा. उंच, किंचित वाकलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि हातांना कंप. चहाची बशी त्यांच्या हातात वाजेल एवढा.

मी मनात तयारी करून आलो होतो की म्हाताऱ्या माणसाला न दुखावता, हळुवारपणे खरं सांगायचं. चाचांनी नमस्कार केला, पिकअपच्या फळीला धरून उभे राहिले आणि हात लांबवून गाडीच्या शेपटीखाली घातला. डोळे मिटले. दोन बोटं कुठेतरी आत सरकवली.

"इथं पत्रा दुहेरी हाय," ते म्हणाले. "बिस्कुट के डिब्बे का. छावणीत फौजची बिस्कुटं यायची मोठ्या डब्यात. उसपे अंग्रेजी लिखा रहता था. मामू बोले, अक्षर अंदर की तरफ डालो."

माझा दुसरा पुरावा. मी तो मोठ्या अक्षरांत छापला होता, भिंगातून काढलेल्या फोटोसह. निलोफर माझ्याकडे बघत होती आणि हसू नये म्हणून ओठ चावत होती. पोरीला वळण चांगलं आहे.

"चक्के वही हैं?" चाचांनी पोत्यांकडे बोट करून विचारलं.

"तेच, चाचा. एकदम मूळचे," मी अभिमानाने म्हणालो. खोटं नव्हतं ते.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे नान-खलिया जेवलो. बाहेरून येणाऱ्यांनी हे खाल्ल्याशिवाय जाऊ नये. पिवळाजर्द नान, मटणाचा तर्रीदार रस्सा, आणि शहरात जुन्या भागात कुठेही विचारा, कुणीतरी नेऊन बसवेल. जेवताना चाचा सांगत होते. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सात वर्षांचे. मामू, म्हणजे हबीब मिस्त्री, एका जहागीरदाराच्या मोटारी सांभाळायचे. जहागीर गेली, मोटारी विटांवर चढल्या, मामू घरी बसले. दोन वर्षांनी त्यांनी छावणीच्या रस्त्याला एका चिंचेखाली गॅरेज टाकलं. लष्कराच्या जुन्या मालाचे लिलाव व्हायचे, तिथून मोटरसायकलची इंजिनं यायची. एकदा त्या मालात एक विलायती मासिकही आलं, आणि त्यात मिजेटचं चित्र.

"चित्र एकच," चाचा म्हणाले. "सामने से. मागनं गाडी कशी दिसते कुणाला ठाऊक? मामूने सुरई समोर ठेवली आणि शेपूट बनवली."

त्या शेपटीच्या 'कॅलिफोर्नियन वळणा'वर मी एक परिच्छेद लिहिलेला आहे. इच्छुकांनी शोधून वाचावा.

मामूंनी तीन गाड्या बनवल्या. हर्सूलच्या पुढच्या एका धनगराच्या माळावर, सुगी झाल्यावर शर्यती व्हायच्या. लोक बैलगाड्या घेऊन यायचे, गाड्यांवर उभं राहून बघायचे. जिंकणाऱ्याला एक मेंढा. यासीनचाचांनी सोळाव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत अकरा मेंढे घरी आणले. मग मामू वारले आणि गाड्या जत्रेतल्या मौत का कुआँवाल्यांनी नेल्या.

"ग्यारह मेंढे," निलोफरचे वडील अन्वरभाई ताटातून डोकं न उचलता म्हणाले. "पिछले साल नऊ थे." त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही, पण चाचांचा घास हातातच थांबला. मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि आपणही गेला महिनाभर हेच करत होतो, हेही आठवलं.

रविवारी सकाळी आठला निघालो. हर्सूलचा तलाव आणि जेलच्या भिंती मागे टाकून अर्धा तास फुलंब्रीच्या दिशेने, मग कच्चा रस्ता. थंडी चांगली होती. माळाच्या मधोमध एक कडुनिंब, त्याखाली शेंदूर लावलेला बिरोबा, भोवती बैलगाडीच्या वाटेएवढा रुंद, गोल मोकळा पट्टा आणि बाहेरच्या अंगाला कमरेपेक्षा उंच शाळू. साठ वर्षांत त्या पट्ट्यावर कुणी नांगर घातला नव्हता. माळाची मालकीण ठकूबाई, ऐंशीला टेकलेली, हिरवं लुगडं, एका काठीने चार नातवंडांना वळत होती. तिने चाचांना बघितलं आणि काठीच टाकली.

"यासीन! जित्ता हाय व्हय रं अजून?"

"तेरे बाप के मेंढे खाये ना, ठकू. उसका जोर है."

तिने आम्हा सगळ्यांना आधी हुरड्याला बसवलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, चटणी, गूळ. जानेवारीत येणार असाल तर हे चुकवू नका, पैसे विचारू नका, तिला राग येतो. तीस-चाळीस माणसं जमली होती. अन्वरभाई हाताची घडी घालून लांब उभे होते.

गाडी उतरवली. निलोफरने आजोबांना हेल्मेट घातलं आणि अटी सांगितल्या: हळू, एकच फेरी, दत्ताभाऊ शेजारून पळतील. चाचांनी सगळ्याला मान हलवली. मग त्यांनी गाडी फिरवून घेतली, बिरोबा उजव्या हाताला येईल अशी.

माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. "चाचा, थोडं चुकतंय," मी म्हणालो. "मिजेट नेहमी डावीकडे वळत फिरतात. जगभर. उलटी लावा."

ठकूबाई पुढे आली. "उलटी? देवाला उलटा फेरा?" तिने मला विचारलं. "माज्या बापानं माळ दिला तवाच सांगितलं व्हतं मिस्तरीला. फिरा किती फिरायचं ते, पर बिरोबा उजव्या हाताला पायजे. डावं घालाल तर मेंढा बी नाय आन माळ बी नाय."

"मामू बोले, देव आपका, माळ आपका," चाचा म्हणाले. "गाडी वैसी बनाएँगे."

वाचकहो, हे वाक्य मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं. गाडी वैसी बनाएँगे. एखाद्या शहाण्या माणसाने त्या क्षणी मागच्या चाकांकडे बघितलं असतं. मी मोबाइल काढला, कारण सूर्य छान पडला होता.

ठकूबाईने भंडारा उधळला. चाचांच्या पांढऱ्या दाढीवर पिवळी हळद पडली. पूर्वी घरी गेल्यावर अम्मी कपडे झटकायला लावायची, असं ते हसत म्हणाले. आम्ही चौघांनी ढकललं. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन फाडकन पेटलं, दोन मेंढ्या उधळल्या आणि गाडी निघाली. सरळ छान गेली. पहिलं वळण आलं. चाचांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं मला स्पष्ट दिसलं. गाडी मात्र डावीकडे गेली. थेट शाळूत घुसली आणि दिसेनाशी झाली. फक्त कणसं हलत होती.

आम्ही धावलो. चाचांना काही झालं नव्हतं. इंजिन बंद पडलं होतं आणि ते आपले दोन्ही हात समोर धरून बघत बसले होते.

"गए, बेटा," ते निलोफरला म्हणाले. "हात गेले माझे."

"नाही दादा, असं काही नाही—"

"मैं मोड रहा था. हाताने ऐकलं नाही." त्यांनी मान खाली घातली. "अन्वर ठीक बोलता है. इतने साल हुए. मलाच वाटत असंल की मी चालवायचो."

अन्वरभाई जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा उपहास गेला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते त्याहून वाईट होतं. कीव. "बस हुआ, अब्बा," ते मऊ आवाजात म्हणाले. "घर चलो."

मी मागे उभा होतो आणि जमिनीकडे बघत होतो. पट्ट्याच्या धुळीत चाकांच्या खुणा उमटल्या होत्या. वळण सुरू व्हायच्या आधीपासूनच त्या डावीकडे झुकत गेल्या होत्या. डाव्या बाजूला लहान चाक होतं, उजवीकडे मोठं. मी बसवून घेतलेलं.

इथे मी माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट लिहू शकलो असतो, की मी तत्क्षणी पुढे झालो. झालो नाही. दोन-तीन मिनिटं मी गप्प राहिलो. मनात आलं, म्हातारा माणूस आहे, हात कापतातच, कुणाला काय कळतंय? पुढच्या महिन्यात मुंबईच्या प्रदर्शनात मी या चाकांवर बोलणार होतो. अन्वरभाई आणि दत्ता चाचांना काखेत धरून उठवत होते. एक पाय गाडीबाहेर आला होता. त्यांनी उतरताना गाडीला हात लावला नाही, जणू तिच्यावर आता आपला हक्क नाही. ते मात्र मला बघवलं नाही.

"चाचा, थांबा, उतरू नका," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "हात तुमचे नाही गेले. डोकं माझं गेलंय."

सगळे वळले. मी शाळूत उभा राहून, तीस-चाळीस माणसांसमोर सांगितलं की मोठं चाक मुळात डावीकडेच होतं, की ते चुकलंय असं मी ठरवलं आणि बदलून टाकलं. "ही गाडी आता उजवीकडे वळूच शकत नाही. कुणीही चालवली असती तरी शाळूतच गेली असती."

चाचांनी मान वर केली. "कब किया?"

"चार वर्षं झाली."

"किसीको पूछा?"

"नाही. मी… त्यावर लेख लिहिला."

"लेख भी लिखा," चाचा हळूच म्हणाले. मग त्यांनी वाकून एका हाताने एक चाक चाचपलं, दुसऱ्या हाताने दुसरं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. "अन्वर, इधर आ. हात लाव. ये बड़ा, ये छोटा. मामूचा देव उजवीकडं होता, इनका बाईं तरफ निकला."

अन्वरभाईंनी हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही.

मग माळावरच जॅक लावला. चाचा उपड्या घमेल्यावर बसून सांगत होते आणि दत्ता करत होता. कुठला नट आधी, कुठला नंतर, कुठला अर्धाच आवळायचा, साठ वर्षांनंतर त्यांना एकेक ठाऊक होतं. मीही पाना उचलायला गेलो. "तुम नक्को," चाचा म्हणाले. मला शर्टाचा घोळ पुढे धरून त्यात नट सांभाळत उभं राहण्याचं काम मिळालं. ते मी बिनचूक पार पाडलं, हे कृपया नोंदवून ठेवा.

अर्ध्या तासाने पुन्हा भंडारा, पुन्हा ढकलणं. गाडी पेटली आणि वळणाला आली. चाचांनी स्टिअरिंग जेमतेम हलवलं. शेपूट किंचित बाहेर फेकली गेली, धुळीचा एक पडदा उठला आणि मिजेट बिरोबाला उजवा ठेवून वळली, इतकी सहज की पळता पळता दत्ता जागच्या जागी उभा राहिला आणि "आयला!" म्हणाला. ठकूबाई काठी आपटत ओरडत होती, "यासीन, दाब! दाब रं!" एक फेरी झाली. निलोफर हात हलवून थांबायला सांगत होती. चाचा तिच्या पुढ्यातून निघून गेले. दुसरी झाली. तिसरीला ते सरळ बघत होते, दाढी पिवळी, चष्मा धुळीने माखलेला, आणि स्टिअरिंगवरचे हात स्थिर होते की कापत होते हे मला खरंच सांगता येणार नाही, कारण माझेच डोळे भरले होते.

दत्ताने टाकीत बाटलीभरच पेट्रोल घातलं होतं, म्हणून चौथ्या फेरीत गाडी पलीकडच्या अंगाला जाऊन थांबली. आम्ही पोचलो तेव्हा अन्वरभाई आधीच तिथे होते. गुडघ्यावर बसून ते वडिलांच्या हेल्मेटचा पट्टा सोडत होते. पट्टा सुटत नव्हता.

"देखा?" चाचांनी विचारलं.

"देखा, अब्बा."

"कितने मेंढे?"

"ग्यारह," अन्वरभाई म्हणाले.

सोमवारी वेरूळला जायचं ठरवलं होतं. गेलो नाही. संभाजीनगरला जाऊन वेरूळ न बघणारा प्रवासवर्णनकार तुम्ही पहिल्यांदाच वाचत असाल. त्याऐवजी सकाळभर चाचांच्या ओट्यावर बसलो आणि ते सांगतील ते लिहून घेतलं. गाडी इथेच ठेवतो असंही म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. त्यांनी नकार दिला. "गल्लीत शिरत नाही ती. तुमच्याकडंच राहू द्या. पण चालवत राहा. उभी राहिली की इंजन बैठ जाता."

परतीचा रस्ता तोच. दत्ता गाठी तपासायला कुठे थांबला नाही आणि मीही म्हणालो नाही. घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "मग?" मी म्हणालो, "सात." तिने पुढे काही विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. ब्लॉगवरचे जुने लेख पुसलेले नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली आहे की खालचं सगळं चूक आहे, बिस्किटाच्या डब्यासकट. मुंबईला यंदा गाडी जाणार नाही. गाडीच्या इतिहासाच्या पाटीवर हबीब मिस्त्रींचं नाव घालून घेतोय.

पण चालवत राहा असं चाचांनी सांगितलं होतं. म्हणून परवा रविवारी आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या टाकीभोवती, टाकी उजव्या हाताला ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा माझी मिजेट चालवली. अंतर पंधरा पावलं. चाकं चाचांनी बसवून घेतलेली, जिथल्या तिथे. पहिल्याच वळणावर गाडीने मला विचारलं नाही आणि सरळ टाकीवर नेऊन घातलं. मला खरचटलंदेखील नाही, टाकीचा पोपडा उडाला, सोसायटीचे अध्यक्ष बाल्कनीत होते.

मी चाचांना फोन लावला. "चाचा, काहीतरी बिघाड आहे. फारच उजवीकडे ओढते. चाकं बरोबर बसलीत ना?"

त्यांनी वेग विचारला, वळण केवढं ते विचारलं, मी स्टिअरिंग कधी फिरवलं तेही विचारलं.

"चक्के ठीक हैं," ते म्हणाले. "इंजन ठीक है. गाडीत काही खराबी नाही, मियाँ. तुम्हारे हात नई हैं."

मी कबूल केलं की नाहीत.

"एक मिनट. फोनचा आवाज मोठा करतो," चाचा म्हणाले, आणि मला त्यांनी घरात मारलेली हाक ऐकू आली. "अन्वर! इधर आ, बैठ. हाँ, अब बोलो. पहिल्यापासून बोलो."

मी पहिल्यापासून सांगितलं.